टहाळीवरचा दगड

सावली गावाहून आत जाणाऱ्या डांबरी रस्त्याला जिथं दोन कच्च्या वाटा फुटतात, तिथं पळसाची एक टहाळी पडली आहे. सकाळी लसीची पेटी घेऊन मी इथूनच पुढच्या गावाला गेले तेव्हा ती नव्हती. म्हणजे मधल्या तीन-चार तासांत कुणीतरी आलं, फांदी मोडली, वाटेवर टाकली आणि पुढं गेलं. पानं अजून हिरवी आहेत, पण कडा आत वळायला लागल्या आहेत. मे महिन्यातल्या उन्हात कोमेजणाऱ्या पळसाच्या पानांना एक तुरट, ओलसर वास येतो. तो वास स्कूटी थांबवायच्या आधीच माझ्यापर्यंत पोचला. मी उतरले, रिकामी पेटी सावलीत ठेवली आणि मोहाच्या बुंध्याशी टेकून बसले. लसीकरणाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. एरवी मी फार बोलणारी बाई नाही. नर्सबाईंना पोटात ठेवता येतं, असं गावातल्या बायका माझ्याबद्दल कौतुकानं म्हणतात. त्यांना माहीत नाही की पोटात ठेवायची सवय मला कुठून लागली.

आमच्या झाडीपट्टीत ही टहाळी म्हणजे चिठ्ठीच. पुढं गेलेल्यानं मागून येणाऱ्यासाठी ती ठेवायची. ज्या वाटेनं आपण गेलो नाही तिच्या तोंडावर आडवी टाकायची, म्हणजे ती वाट बंद. उघडी राहिली ती आपली. आणि टहाळीवर एक दगड ठेवायचा. वाऱ्यानं उडू नये, शेळीनं ओढू नये म्हणून दगड. आणि ही आपसूक पडलेली फांदी नव्हे, माणसानं ठेवलेली आहे, याची मागच्याला खात्री पटावी म्हणूनही. पानं किती मलूल झाली यावरून पुढचा माणूस किती वेळापूर्वी गेला तेही उमगतं. ज्यांना अक्षर येत नाही तीही माणसं हे वाचतात, आणि त्यात कुणी खोटं लिहिल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही, एक अपवाद सोडून. तो अपवाद मी आहे. एवढं वाक्य लिहायला मला चौतीस वर्षं लागली.

पण या वासानं मला आधी नेलं ते एका परक्या समुद्राकाठी. गेल्या ऑगस्टमध्ये मी हॉलंडला माझ्या मैत्रिणीकडं आठ दिवस राहून आले. मूल या आमच्या गावी आम्ही बारावीपर्यंत एका बाकावर बसून शिकलो. तिच्या अब्बांचं बाजाराच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं, माझे वडील राइस मिलमध्ये कामाला होते. आता ती त्या देशातल्या एका लहानशा गावात स्वतःचं सायकलचं दुकान चालवते. नवरा जहाजांच्या कारखान्यात वेल्डर म्हणून तिकडं गेला, त्याच्या मागं ती गेली, आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यात हात बसलेली ही मूलची बाई त्या सायकलवेड्या मुलुखात अशी रुजली की जणू तिचं बी तिथलंच असावं. दुकानात उंचेपुरे गोरे लोक रांगेत उभे राहतात आणि ती पाना हातात घेऊन त्यांच्यावर त्यांच्याच भाषेत डाफरते. दरवर्षी ती मला बोलवायची आणि दरवर्षी मी एक कारण द्यायची. गेल्या वर्षी कारणं संपली.

रविवारी तिचं दुकान बंद. त्या सकाळी तिनं दोन सायकली बाहेर काढल्या, माझ्या कमरेला हात लावून बघितला आणि न विचारता माझ्या सायकलची सीट चार बोटं खाली घेतली.

"हिले हाताचा ब्रेक नाई," ती म्हणाली. "पायडल उलटं मारलं का थांबते. तुले सवय हाय ना, उतारावर उलटं पायडल फिरवाची? ते नोको करू, नाई तं समुद्राच्या आधीच आडवी होशीन."

माझी ती सवय तिला आठवत होती. आणि मी अर्थातच तेच केलं. पहिल्या उतारावर पाय आपोआप मागं फिरले, सायकल जागच्या जागी थिजली आणि मी हँडलवर आदळता आदळता राहिले. मागून येणारी एक आजी, सत्तरीच्या वरची, लाल टोपी घातलेली, माझ्या बाजूनं वाऱ्यासारखी निघून गेली.

"पाह्य," मैत्रीण म्हणाली, "ती बुढी रोज पोहाले जाते. तू तं तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनं लहान असशीन."

"वीस," मी म्हणाले.

"मंग तं अजूनच शरम."

गाव संपलं आणि वाळूच्या टेकड्या लागल्या. त्यांच्यामधून जाणारी वाट शिंपल्यांच्या चुऱ्याची होती. पांढरी, करकरणारी, चाकाखाली भाजलेले मुरमुरे दळावेत तसा आवाज करणारी. दोन्ही अंगांना गुडघाभर उंचीचं राखाडी गवत एका दिशेनं झुकलेलं आणि त्यात काटेरी झुडपांवर लगडलेली नारिंगी फळं, आपल्याकडच्या पिकत्या बोरांहूनही बारीक. हवेत मिठाचा वास होता, पण त्याखाली एखाद्या रानाचाही वास होता. कुठंही घाई नव्हती. माणसं सायकलवर बसून गप्पा मारत होती, कुत्र्याला टोपलीत बसवून नेत होती, एक नवरा-बायको तर शेजारी शेजारी सायकल चालवत एकमेकांचा हात धरून चालले होते. कुणाला कुठं पोचायचं नव्हतं. मी आयुष्यभर सायकल चालवली ती शाळेत, मग उपकेंद्रात, मग गावोगाव पोचण्यासाठी. स्कूटी आली तेव्हा देवाला नारळ फोडला. सायकल नुसती चालवायची असते, तिच्यावर बसून नुसतं असायचं असतं, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी, परक्या देशात, तिच्या मागून जाताना कळत होतं. आणि कळताना आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता.

मला तिचा हेवा वाटत होता. हा शब्द मी आजवर कागदावर लिहिला नव्हता. तिच्या ताठ पाठीचा हेवा वाटला, त्या शिंपल्यांच्या वाटेवर हँडल न हलवता वळणं घेणाऱ्या तिच्या कमरेचा वाटला, वाऱ्यात मागं उडणाऱ्या पिकल्या केसांचा वाटला. माझे केस मी काळे करते. तिनं तसेच सोडले होते आणि ते तिला शोभत होते. समोरून येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला ती मान हलवून काहीतरी म्हणत होती आणि तो हसत होता. मी मनात मोजत नव्हते असं म्हणायला आवडलं असतं. पण मोजत होते. आपल्या गावात मला ओळखणारी माणसं हिच्याहून जास्त की कमी, असला हिशेब मी समुद्राच्या वाटेवर करत होते. मत्सराचं असं असतं, तो माणसाला सुंदर जागी नेतो आणि तिथं तोंड भिंतीकडं करून बसवतो.

हळूहळू ती पुढं गेली आणि मी मागं पडले. "तू ये आरामानं," ती ओरडून म्हणाली होती, "मी पुढं जाऊन जागा धरतो. वाटेवर ते सात्या दिसतीन, तिथी रस्ता लिव्हला राह्यते."

सात्या म्हणजे आमच्या रानात पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. तिथल्या वाटांवर खरोखरच अळंबीच्या आकाराचे बुटके पांढरे खांब आहेत, टोपीच्या उताराच्या कडांवर गावांची नावं कोरलेली. तसल्या एका खांबाशी मी पोचले. वाट फुटत होती. नावं मला वाचता येईनात, एका शब्दात चार चार स्वर एका रांगेत उभे. मी घाबरले नाही असं नाही. आणि मग मला ती दिसली. डाव्या वाटेच्या तोंडावर, शिंपल्यांच्या पांढऱ्या चुऱ्यावर, एक टहाळी. रात्रीच्या वाऱ्यानं पडलेल्या कुठल्याशा झाडाची, ओल्या पानांची. आडवी टाकलेली. वर एक दगड.

मी पायडल उलटं मारलं. या वेळी मुद्दाम.

आता ते चौतीस वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. सायकल मला तिनंच शिकवली होती. मूलच्या बाजाराच्या मागच्या पटांगणात, अब्बांच्या दुकानातली भाड्याची सायकल घेऊन, कॅरिअर धरून ती माझ्यामागं धावायची, आणि मी पडले की आधी सायकलला लागलं का ते बघायची. ती स्वतः दोन्ही हात सोडून चालवायची. ओढणी कमरेला बांधून, हात हवेत पसरून, राइस मिलच्या समोरून. मिलमधली माणसं भाताची पोती तशीच पाठीवर ठेवून बघत राहायची. माझे वडीलही बघायचे, आणि घरी येऊन म्हणायचे, पोरगी असावी तर अशी. मी समोर जेवायला वाढत असायची. ते मला दुखवायला म्हणत नसत. म्हणूनच ते मला लागायचं.

बारावीनंतर एका जंगलातल्या दवाखान्याच्या मोठ्या बाई नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुली निवडायला येणार होत्या. आमच्या भागातून एकच मुलगी घेणार होत्या. निवड एका आश्रमशाळेत, सकाळी अकराला, मूलपासून सायकलनं दोन-अडीच तासांवर. आम्हा दोघींनाही बोलावणं आलं. तिला ते शिक्षण फार हवं होतं. तिची अम्मी गेली तेव्हा गावात धड औषध सांगणारी बाई नव्हती. ती आठवीत असल्यापासून म्हणायची, मी दवाखान्यातच जाणार. मला हवं होतं का? मला तिला हवं असलेलं हवं होतं. याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

आम्ही बरोबरच निघणार होतो. पण त्या सकाळी अब्बांना ताप भरला आणि एका दूधवाल्याचं चाक खोललेलं पडलं होतं. तिनं ग्रीसचे हात वर करून मला म्हटलं, "तू हो पुढं. मी अर्ध्या घंट्यात निंगतो. फाट्यावर टहाळी टाकत जाजो."

मी टाकत गेले. पहिल्या फाट्यावर टाकली, दुसऱ्यावर टाकली. तिसरा फाटा जंगलाच्या आत होता. डावीकडची वाट आश्रमशाळेकडं जायची, उजवीकडची लाकूडतोडीच्या कूपाकडं, जिथं पुढं गाव नव्हतं. मी टहाळी उजव्या वाटेवर टाकली, दगड ठेवला आणि डावीकडं निघाले. कुणी मला विचारलं असतं तर त्या क्षणापर्यंत मी चांगली मुलगी होते. पाच-सात मिनिटं पायडल मारल्यावर मला दिसलं ते असं: शाळेच्या पटांगणात मी बसले आहे, आणि ती दोन्ही हात सोडून, ओढणी कमरेला बांधून आत येते आहे, आणि मोठ्या बाई तिच्याकडं बघून हसताहेत. मी सायकल वळवली. परत आले. टहाळी उजव्या वाटेवरून उचलली आणि डाव्या वाटेवर ठेवली. मग खाली वाकून दगड घेतला आणि नीट मधोमध ठेवला. वडिलांनी लावलेली शिस्त. कुठलंही काम अर्धवट सोडायचं नाही.

निवड माझी झाली. ती आलीच नाही. कूपाकडं जाऊन वाट संपल्यावर ती परतली, आडवाटेला लागली, चेन तुटली, सांज झाली. एका पाड्यावरच्या घरानं तिला ठेवून घेतलं, जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरचा म्हातारा तिच्या सायकलला हात लावून चालत चालत तिला मूलपर्यंत पोचवून गेला. इतकं साधं होतं ते. पण गावात ते साधं राहिलं नाही. पोरगी रातभर कुठं होती, ही एक ओळ बाजारात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. अब्बा रागीट नव्हते. पण बोलणारी तोंडं त्यांच्याच दुकानात पंक्चर काढायला बसायची. त्यांनी तिची सायकल दुकानाच्या छताच्या आकड्याला उलटी टांगली. पाच वर्षं ती तशीच टांगलेली होती. तिच्या खाली बसून ती दुसऱ्यांची चाकं सरळ करायची.

मी तिला भेटायला गेले होते, शिक्षणाला निघायच्या आदल्या दिवशी. ती ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होती. वर न बघता तिनं विचारलं, "टहाळी कोण्या ढोरानं हलवली असंन का वो?"

मी म्हणाले, "असंन."

एवढंच. त्या एका शब्दावर मी नर्स झाले, नोकरी केली, शेकड्यांनी बाळंतपणं केली. लोक मला देवमाणूस म्हणाले की मी तांब्यात पाणी घेऊन हात धुवायला जायची. पुढं मधली बरीच वर्षं आमची गाठ नव्हती. मग कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून तिनंच फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणाली, "काऊन वो, जिती हायेस का?" जणू मधे काही झालंच नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन आणि दर रविवारी माझ्या घशात तो एक शब्द.

तर त्या शिंपल्यांच्या वाटेवर मी उभी होते आणि समोर तिनं माझ्यासाठी ठेवलेली टहाळी होती. मी उघड्या वाटेनं गेले. पुढं अजून दोन ठिकाणी टहाळ्या होत्या, दोन्हींवर दगड. शेवटच्या टेकडीवर सायकल हातात धरून चढले आणि समुद्र दिसला. आपल्या लोकांनी समुद्र कुठं पाहिलेला असतो. आमचं पाणी म्हणजे तळी, बोड्या आणि वैनगंगा. हा समुद्र निळाही नव्हता, भाताच्या पेजेसारखा राखाडी होता, आणि तरी त्याच्याकडं बघून छाती मोठी व्हावी असा होता. ती वाळूत पाय पसरून बसली होती. शेजारी माझ्यासाठी एक टॉवेल पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार दगड.

आम्ही मी नेलेला चिवडा खाल्ला, आमच्या रानातली चारोळी घातलेला. ती एकेक चारोळी वेचून आधी खायची. लहानपणीही तसंच करायची. मग ती सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात गेली आणि मला ओढून नेलं. पाणी असं थंड की पाय माझे राहिले नाहीत. ती हसत होती, लाटेला शिव्या देत होती, हिंदीत. मी तिथं उभी राहून विचार करत होते की हा दिवस तिचा आहे. हा वारा, ही बुढी पोहणारी, ही रविवारची सुटी, हे सगळं तिचं, आणि मी त्यात पाहुणी. आणि त्यातलं सर्वांत वाईट हे, की मी टहाळी हलवली नसती तर ती आज कदाचित माझ्या जागी, त्या उपकेंद्रात असती, आणि या वाळूवर कुणीही नसतं. म्हणजे माझं पापही हिच्या कामाला आलं की काय, असा विचार मनात आला, आणि त्या विचारात पश्चात्ताप नव्हता, जळफळाट होता. मी हे लिहिते आहे कारण हे मी कुणाला सांगू शकणार नाही. दुसरं मात्र मी तिला सांगितलं, ते असं.

वाळूत परत बसल्यावर मी म्हणाले, "त्या दिवशी टहाळी ढोरानं नव्हती हलवली."

ती पायावरची वाळू झटकत होती. झटकत राहिली.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी. तो बुढा मले त्याच फाट्यावरून घेऊन आला ना. टहाळी डाव्या रस्त्यावर होती, अन् त्याच्यावर दगड होता." तिनं माझ्याकडं बघितलं. "ढोर दगड नाई ठेवत, बाई."

समुद्राचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. इतका वेळ तो होताच.

"मंग तू मले काऊन पुसलं, ढोरानं हलवली का म्हणून?" माझ्याही तोंडून इतक्या वर्षांनी गावची बोली निघाली.

"तू सांगशीन म्हणून."

मी टॉवेलच्या कोपऱ्यावरचा दगड सरळ केला. मग म्हणाले, "माफ केलं तू मले?"

"नाई," ती म्हणाली. अगदी शांतपणे, बोल्ट किती घट्ट आहे ते सांगावं तसं. "पाच साल सायकल टांगली होती माही. त्याचं काय माफ करू मी? अन् तुले वाटत असंन का तुह्यामुळं मी इथी आली, तं तेही नाई. मी इथी आली ते माह्या हातानं. तुह्या टहाळीनं नाई."

माझ्या मनातलं तिनं वाचलं होतं. माझ्याकडून माझा हेवासुद्धा काढून घेतला होता, निदान त्याचा आधार.

"तं मंग फोन काऊन करते मले? टहाळी काऊन टाकते माह्यासाठी?"

चिवड्याच्या पुडीत तळाला राहिलेल्या चारोळ्या तिनं बोटानं गोळा केल्या, अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या.

"आपल्या गावचं बोलाले इथी कोण हाय मले? नवरा नागपूरचा, तो हसते माह्या बोलण्यावर. अन् टहाळीचं म्हणशीन तं," ती उठली, सलवार खाली सोडली, "तू मांगं होती. मांगच्याले रस्ता दाखवा लागते. त्यात माफीचा काय संबंध?"

मला तिचा त्या दिवशी सगळ्यात जास्त हेवा वाटला तो या वाक्याचा. केसांचा नाही, समुद्राचा नाही. माफ न करताही वाट दाखवता येते, एवढी ऐसपैस जागा तिच्या आत होती. मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या बाळांना हात देत होते ते माझं काही फिटावं म्हणून. तिचं काही फिटायचं नव्हतंच.

परतताना तिनं आपली सायकल उगाच तपासायला घेतली, चेनला बोट लावलं, आणि म्हणाली, "आता तू पुढं हो. मी येतो."

ही परीक्षा आहे हे मी ओळखलं, पण गेले. ऊन उतरत होतं आणि शिंपल्यांची वाट गुलाबी दिसत होती. पहिल्या फाट्यावर, दुसऱ्या फाट्यावर तिच्या सकाळच्या टहाळ्या होत्या, त्यांच्या खुणेनं मी सरळ पुढं आले. तिसऱ्या फाट्याशी, अळंबीच्या त्या खांबाशी, मी उतरले. तिची टहाळी जिथली तिथं होती, पानं मलूल होऊन शिंपल्यांना चिकटलेली, वर दगड. मला नवीन टहाळी टाकायची गरजच नव्हती. वाट आधीच सांगितलेली होती. मला फक्त तिला हात लावायचा नव्हता. आणि तेवढंसुद्धा मला सोपं गेलं नाही. मी दोन्ही हात मागं बांधून उभी राहिले, कुणीतरी शिक्षा केलेल्या मुलीसारखी, आणि वाट बघितली.

ती आली. टहाळीकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं.

"नाई हलवली?"

"नाई."

"बराबर," ती म्हणाली, आणि पुढं निघून गेली. थोडं गेल्यावर त्या उतारावर तिनं दोन्ही हात सोडले. त्रेपन्न वर्षांची बाई, पिकले केस मागं उडताहेत, हात हवेत पसरलेले. तोच जुना हेवा आला, राइस मिलसमोर तिला बघताना यायचा तोच. चौतीस वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नव्हता. मी त्याला ओळखलं आणि या वेळी सायकल वळवली नाही, एवढाच काय तो फरक. हळूहळू तिच्या मागं गेले.

दुपार कलते आहे. इथं माझ्यासमोरची पळसाची टहाळी कुठल्याच एका वाटेवर नाही. ती दोन्ही वाटांच्या बरोबर मधे, वाकडी पडली आहे, आणि दगड हातभर दूर घरंगळला आहे. भोवती खुरांचे ठसे आहेत, ताजं शेण आहे. आज खरंच ढोरं गेली आहेत इथून. ठेवणाऱ्यानं ती कुठल्या वाटेवर ठेवली होती हे मला कळायला मार्ग नाही. उचलून अंदाजानं एकीकडं ठेवावी असं दोनदा वाटलं आणि दोनदा मी हात मागं घेतला. वाट पुढच्या माणसाला माहीत आहे आणि मागच्याला ती हवी आहे. मला ती ठरवायचा हक्क नाही. पण कुणीतरी मागून येत असणार. त्याच्यासाठीच तर ही फांदी मोडली गेली. तो टहाळी बघेल आणि विश्वास ठेवेल, आमच्याकडची माणसं ठेवतात.

म्हणून मी थांबले आहे. पानांच्या कडा आता पार वळल्या आहेत, वास कमी होत चालला आहे. उन्हातून दूर एक सायकल येताना दिसते आहे, कॅरिअरवर काहीतरी बांधलेलं. तो जवळ आला की सांगेन, भाऊ, ही टहाळी हललेली आहे, हिच्यावर जाऊ नका, थोडं थांबून चाकाच्या खुणा बघा. कुणी हलवली म्हणून त्यानं विचारलं तर म्हणेन, ढोरानं असंन. या वेळी ते खरं असेल.